ही कांदी कोण खाणार?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या समितीने मला नोटीस दिली. घराच्या दर्शनी भागातलं लॉन सुकलेलं आहे, त्यामुळे कॉलनीच्या शोभेला बाधा येते, तरी पंधरा दिवसांत ते हिरवं करून घ्यावं, असा मजकूर. आदल्या संध्याकाळी अध्यक्ष स्वतः फाटकापर्यंत येऊन गेले होते. भला माणूस आहे. ‘भाभीजी, थोड़ा पानी डलवा दीजिए, बस,’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी रायपूरचा पारा ४४ अंशांवर होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, कडुलिंबाखाली कुत्री जीभ काढून पडली होती, आणि आम्ही दोन शिकलीसवरलेली माणसं फाटकात उभी राहून, गवत हिरवं का नाही, यावर बोलत होतो.

त्या ‘थोड्या पाण्या’शी आणि त्या ‘बस’शी माझं भांडण आहे.

आधी माझा गुन्हा कबूल करते. ते लॉन मीच लावलं होतं. २००७ साली आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा पुढची हजार चौरस फूट जागा उघडी होती. जमीन भाठा. छत्तीसगडचा शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. (कन्हार हा शब्द भंडाऱ्याकडच्या वाचकाला आपलाच वाटेल.) भाठा म्हणजे तांबडी, खड्याची, पाणी न धरणारी माती. तिच्यावर लॉन येत नाही. म्हणून कंत्राटदाराने सहा ट्रॉल्या काळी माती आणून ओतली. ती कुठल्या तरी शेतातून खरवडून आणलेली होती, तिच्यात धानाची धसकटं दिसत होती. मी मातीचा भाव विचारला, शेत विचारलं नाही.

मग गवत. रोपवाटिकेत विचारलं गेलं, ‘सिलेक्शन वन लावणार की मेक्सिकन?’ सिलेक्शन वन स्वस्त पडत होतं, ते घेतलं. पुढे कधीतरी त्याचं पातं नीट निरखून पाहिलं आणि मला हसूच आलं. ती हरळी होती. निवडलेली, बारीक पानाची, पण हरळीच. माझे वडील वर्ध्याकडचे. त्यांच्या शेतात हरळी आणि कुंदा हे दोन वैरी. उन्हाळ्यात मजूर लावून, कुदळीने खणून, हरळीची एकेक मुळी वेचून बांधावर वाळत टाकायची, आणि तरी पहिल्या पावसाला ती पुन्हा हजर व्हायची. तीच हरळी भाद्रपदात दूर्वा होऊन गणपतीच्या डोक्यावर चढायची. आणि तीच मी चौरस फुटाच्या भावाने विकत आणून अंगणात अंथरली होती.

अकरा वर्षं ते लॉन मी जिवापाड राखलं. त्याची सगळी विद्या मिळवली. पाणी पहाटे द्यावं, उन्हं वर आल्यावर दिलेलं बरंचसं हवेत उडून जातं. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावं, म्हणजे मुळं खोल जातात. उन्हाळ्यात गवत कापताना यंत्राचं पातं वर उचलावं, दोन-अडीच इंच उंची राहू द्यावी, म्हणजे मातीवर सावली राहते. ऐन उन्हाळ्यात युरिया टाकू नये. लव्हाळा दिसला की गाठीसकट उपटावा. वाळवीवर औषध फवारावं आणि नंतर दोन-चार दिवस त्यावर लेकरांना सोडू नये. यातला प्रत्येक सल्ला बरोबर आहे. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण हा सगळा सल्ला एक गोष्ट धरून चालतो, की गवत मे महिन्यात हिरवं असायलाच हवं. हे कुणी ठरवलं, ते कुठलाही माळी सांगत नाही.

हिशेब मी फार उशिरा केला, आणि तो चौथीतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर पसरलं की एक लिटर होतं. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. रायपूरच्या मे महिन्यात हिरवं गवत आणि त्याखालची माती मिळून दिवसाला सहा मिलिमीटर पाणी सहज उडवतात. म्हणजे दिवसाला साडेपाचशे लिटर. पाइप धरणाऱ्याचा हात सैल असेल तर सातशे. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. याचा अर्थ माझ्या अंगणात रोज चार माणसांचं पाणी जिरत होतं, अंघोळीपासून स्वयंपाकापर्यंत सगळं. रायपुरात चार माणसांचं कुटुंब एवढ्या पाण्यावर संसार चालवतं. एवढं पाणी कित्येक वस्त्यांना मिळत नाही, हे वेगळं.

हा हिशेब मी कागदावर मांडला तो २०१६ च्या एप्रिलमध्ये, टीव्हीसमोर. आम्ही रायपूरकर मराठी माणसं बातम्या मराठी लावतो. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. मैदानावरच्या गवताला पाणी आणि लातूरकरांना पाणी, या दोन गोष्टी एकाच वाक्यात बोलल्या जाऊ लागल्या. घरात आम्ही सगळे न्यायालयाच्या बाजूचे. मी तर तावातावाने बोलत होते. बोलता बोलता बाहेर पाइप सुरू असल्याचा आवाज आला. मार्चच्या सुरुवातीपासून मृगापर्यंत शंभर दिवस, रोज पाचशे-साडेपाचशे लिटर. माझं लॉन दर उन्हाळ्यात एक अख्खी वाघीण पीत होतं. मिरज-लातूरची गाडी आली नसती तर मला हे माप कधी सापडलं नसतं.

तरी मी पाइप बंद केला नाही. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात आयपीएलचे दोन सामने आमच्याकडे, नवा रायपूरच्या मैदानावर झाले. ते महाराष्ट्रातून हलवलेले नव्हते, दिल्लीच्या संघाचे होते. शहर आनंदात होतं, मीही होते. त्या मैदानाचं नाव शहीद वीर नारायण सिंह. सोनाखानचे हे जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात लोक उपाशी मरू लागले तेव्हा त्यांनी एका व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार उघडून धान्य वाटून टाकलं. व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून इंग्रजांनी त्यांना पकडलं, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिलं. दुष्काळात कोठार उघडणाऱ्या माणसाचं नाव आपण मे महिन्यातल्या हिरव्यागार गवताला दिलं आहे. यात कुणाचा कट नाही. लक्षात न येण्याची सवय आहे, आणि ती सवय माझ्या अंगणात सुरू होते.

आता शब्दाविषयी थोडं. लॉनला मराठीत आपण ‘हिरवळ’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकांपासून कथा-कादंबऱ्यांपर्यंत लोक हिरवळीवर बसतात, हिरवळीवर चहा घेतात. पण हिरवळ हा शब्द मुळात एका ऋतूचा आहे. ती पाऊस पडल्यावर आपोआप येते, माळावर, बांधावर, कौलांच्या सांदीत, आणि कार्तिक-मार्गशीर्षात मुकाट्याने निघून जाते. तिला कुणी लावत नाही, कापत नाही. लॉन ही वस्तू आल्यावर आपण तिला हिरवळीचं नाव देऊन टाकलं आणि त्यातली ये-जा काढून घेतली. हिंदीने निदान प्रामाणिकपणे लॉन हाच शब्द ठेवला. नागपूर-रायपूरकडे तर त्याचा अर्थ आता लग्नाचं कार्यालय असा झाला आहे. ‘लॉन बुक केलं का?’ म्हटलं की गवताचा विचार कुणाच्या मनात येत नाही. मला तो अर्थ जास्त खरा वाटतो. चार तास मिरवायचं, भाडं भरायचं, निघायचं.

रायपुरात पाऊस कमी पडतो, असं कुणाला वाटेल. तसं नाही. इथे वर्षाला सुमारे बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो, लंडनच्या दुप्पट. फरक असा की लंडनचा पाऊस बारा महिन्यांना वाटून दिलेला आहे आणि आमचा जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात येऊन जातो. उरलेले आठ महिने त्यावर काढायचे. ज्या देशात दर महिन्याला थोडा थोडा पाऊस पडतो, हवा ओलसर असते, ऊन मऊ असतं, तिथे गवत बारमाही हिरवं राहणं ही काही विशेष गोष्ट नाही. तिथे लॉन ही हवामानाची देणगी. ती देणगी जहाजात घालून इथे आणली गेली ती सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांसाठी. तिच्यासोबत पाणी ओतणारा भिश्ती, खुरप्याने गवत छाटणारा घसियारा आणि साहेब, तिघंही लागत. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने गवत कापायचं यंत्र काढलं आणि त्यांच्याकडे लॉन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. आपल्या आवाक्यात ते यंत्राने आलं नाही, बोअरवेलने आलं. मोटारीचं बटण दाबलं की जमिनीखालचा भिश्ती हजर. तो पगार मागत नाही आणि दिसतही नाही.

‘आपल्याच बोअरचं पाणी आहे, कुणाच्या बापाचं नाही,’ हे वाक्य आमच्या कॉलनीत मी पन्नास वेळा ऐकलं आहे, आणि पाचेक वेळा स्वतः म्हटलं आहे. त्याच्या पाठीशी कायदाही आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीतलं जमिनीखालचं पाणी काढण्याचा हक्क दिलेला आहे. ज्या काळी मोटेने पाणी काढत त्या काळचा हा कायदा. बैल दमला की पाणी थांबायचं. आता पंप दमत नाही. आणि रायपूर वसलं आहे चुनखडी आणि शेल यांच्या थरांवर. इथलं पाणी खडकाच्या भेगांतून, चुनखडीत झिजून झालेल्या पोकळ्यांतून सरकतं. ते माझ्या कंपाउंडची भिंत पाहून थांबत नाही. माझी बोअर चारशे फूट. आमच्या मागच्या वस्तीतला हातपंप त्याच्या निम्माही खोल नाही. दर एप्रिलमध्ये तो पंप भुसभुस हवा काढू लागतो. माझ्याच लॉनने तो आटवला, हे कोर्टात कुणी सिद्ध करू शकणार नाही. कायद्याची सगळी मखलाशी तिथेच आहे. ज्याचा पंप खोल त्याचं पाणी, आणि ज्याचा पंप आटला त्याचं नशीब.

त्या वस्तीतून एक बाई आमच्याकडे कामाला येत. माहेर धमतरीकडचं, गंगरेल धरणाच्या कालव्याखालचं. २०१७ साली पाऊस कमी झाला. राज्याने ९६ तहसील दुष्काळग्रस्त जाहीर केले आणि त्या हिवाळ्यात शेतकऱ्यांना उन्हाळी धान लावू नका असं सांगण्यात आलं. धान पाणी फार पितं, भूजल खाली जातं, हे कारण. कारण खोटं नव्हतं. त्यांच्या भावाने धान लावलं नाही, रायपुरात बांधकामावर मजुरीला आला. त्या एप्रिलमध्ये एका सकाळी माळ्याने लॉन कापलं होतं आणि बाई कापलेलं गवत झाडून गोळा करत होत्या. मी आतून ओरडले, ‘वो गाय को मत देना, दवाई डली है.’ वाळवीचं औषध दोनच दिवसांपूर्वी फवारलं होतं. बाई थांबल्या. हातातल्या घमेल्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, ‘दीदी, ए कांदी ल कोन खाही?’

छत्तीसगढीत गवताला कांदी म्हणतात. हे गवत मग कोण खाणार, एवढंच त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. भावाला धान लावू नको म्हणून सांगितलेलं, आणि इथे गायीलाही घालता येत नाही असल्या गवताला रोज पाणी. त्या दोन गोष्टी त्यांनी जोडून म्हटल्याही नाहीत. मीच जोडल्या. उत्तर सापडलं नाही, म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

सरकारने धानाला पाणी नाही म्हटलं, लॉनला म्हटलं नाही, याचा मला पुढे फार राग आला. आणि धान तरी काय आहे? तेही गवतच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हरळी आणि धान एकाच कुळातले. रायपूरला या कुळाची ओळख जगात कुणी करून द्यायची गरज नाही. सत्तरच्या दशकात डॉ. राधेलाल रिछारिया यांनी इथल्या तांदूळ संशोधन संस्थेतून गावोगाव हिंडून धानाचे एकोणीस हजारांवर वाण गोळा केले. तो ठेवा आज इथल्याच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे. दुबराज, जीराफूल, विष्णुभोग, जवाफूल, सफरी, गुरमटिया. प्रत्येकाची माती वेगळी, पाण्याची गरज वेगळी, वास वेगळा. भाठ्यावर चालणारे, लवकर येऊन पाऊस संपायच्या आत मोकळे होणारे वाण वेगळे, खोल पाण्यात उभे राहणारे वेगळे. दुष्काळाशी कसं वागायचं याचं शहाणपण शेतकऱ्यांनी गवतातच साठवून ठेवलं होतं. एवढ्या नावांच्या गवतांच्या गावात आपण चौरस फुटाने घेतो ते गवत, ज्याला रोपवाटिकेने नुसता क्रमांक दिला आहे.

पाण्याचंही तसंच. छत्तीसगडात तळ्यांची मोजदाद ‘छै आगर छै कोरी’ अशी सांगतात. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, एकशे सव्वीस तळी. जिथे एवढी तळी तो गाव भाग्याचा. रायपूर हे तळ्यांचंच गाव. बुढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा तर तो आधी कुठेतरी थांबवावा लागतो, हे इथल्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्यातलं राजबंधा तळं बुजलं, आता तो भाग राजबंधा मैदान या नावाने ओळखला जातो आणि तिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत. तेलीबांध्याच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, संध्याकाळी तिथे आइस्क्रीम खातात. मीही खाते. तळं बुजवायचं आणि त्या शेजारी लॉन लावून त्याला बोअरचं पाणी द्यायचं, याला आपण शहर सुंदर करणं म्हणतो. तळी पावसाचं पाणी जमिनीत सोडायची, लॉन ते उपसून हवेत सोडतं.

शहराला नळाने जे पाणी येतं ते खारून नदीतून, आणि उन्हाळ्यात खारूनला पाणी पुरवतं ते महानदीवरचं गंगरेल. त्या धरणात पन्नासच्या वर गावं बुडाली. मी लॉनवर नळाचं पाणी कधी सोडलं नाही, याचा मला अकरा वर्षं अभिमान होता. पण बोअर कोरडी पडू लागली की कॉलनीला टँकर येतो, आणि टँकर कुठून भरतो हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

इथे मला माधवराव सप्रे आठवतात. मातृभाषा मराठी, लिहिलं हिंदीत. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले ते त्यांनीच. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे, आम्हा मराठी मंडळींना त्यांचा फार अभिमान, जयंती-पुण्यतिथीला हार घालतो. १९०१ साली ‘छत्तीसगढ मित्र’ या आपल्या मासिकात त्यांनी ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट छापली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. गोष्ट दीड-दोन पानांची. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचं आवार वाढवायचं असतं आणि आड येते एका विधवेची झोपडी. वकिलांच्या जोरावर तो ती बळकावतो. मग ती बाई येऊन टोपलीभर माती मागते, चूल घालायला. नातीचं त्या घराशिवाय कशात मन लागत नाही म्हणून. टोपली भरते आणि जमीनदारालाच म्हणते, जरा हात लावा. त्याला ती उचलत नाही. पुढे ती त्याला काय म्हणते ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी मुळातून वाचावं.

ही गोष्ट आम्ही अन्यायाची गोष्ट म्हणून शिकवतो, आणि ती आहेच. पण जमीनदाराला त्या जागेवर नेमकं काय करायचं होतं, हे कुणी विचारत नाही. त्याला तिथे पीक घ्यायचं नव्हतं, घरही बांधायचं नव्हतं. त्याला आवार मोठं हवं होतं. वाड्यासमोर मोकळी जागा हवी होती, जिच्यात काही होत नाही. रिकामं ठेवणं परवडतं, हे दाखवण्याची जागा. माझ्या सहा ट्रॉल्या मातीतल्या धसकटांकडे मी त्या गोष्टीनंतर वेगळ्या नजरेने पाहिलं. टोपल्या किती झाल्या असतील त्या सहा ट्रॉल्यांच्या?

लॉनच्या बाजूने बोलणारे जे सांगतात ते मला ठाऊक आहे. लॉनमुळे घर थंड राहतं. राहतं, थोडं. तेवढ्याच पाण्यावर दोन कडुलिंब आणि एक आंबा वाढवला तर जास्त राहतं, कारण गवत स्वतः उन्हात तापतं आणि झाड सावली देतं. आणि झाड मोठं झाल्यावर पाणी मागत नाही. मुलांना खेळायला हवं, असंही म्हणतात. आमच्या कॉलनीत लॉनवर चेंडू पडला की ‘लॉन पे नहीं, बाहर खेलो’ ही हाक पहिली येते. मुलं डांबरावरच खेळतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा करून, ज्या गवतावर कुणी बसत-खेळत नाही, जे केवळ शोभेसाठी आहे, त्याला कोलोराडो नदीचं पाणी २०२६ च्या अखेरीनंतर देण्यावर बंदी घातली. घरांपुढची लॉनं त्यातून वगळली आहेत, पण लास व्हेगासकडे लॉन उपटणाऱ्या घरमालकाला चौरस फुटाच्या हिशेबाने पैसे मिळतात. वाळवंटात जुगाराचं शहर बसवणाऱ्यांनासुद्धा हे समजलं. आम्ही अजून नोटिसा काढतो आहोत, उलट्या दिशेच्या.

काही जण प्लास्टिकचं गवत टाकतात. त्याबद्दल मी काही बोलत नाही. मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून पाहावं.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. एका म्हातारीने लॉन बंद केल्याने रायपूरचं भूजल वर येणार आहे का? नाही येणार. पोलाद आणि सिमेंटचे कारखाने, नवी नगरं, महामार्ग यांच्यापुढे माझी वाघीण काय आहे? काहीच नाही. पण मग हाच न्याय त्या धमतरीच्या शेतकऱ्याला का लावला नाही? त्याच्या दोन एकरांनीही राज्याचं पाणी संपणार नव्हतं. त्याच्या बाबतीत थेंबाथेंबाचा हिशेब झाला. आणि त्याच्या गवतातून निदान भात तरी निघाला असता.

२०१८ च्या दिवाळीनंतर मी पाणी देणं थांबवलं. फार अवघड गेलं, कबूल करते. जानेवारीत कडा पिवळ्या पडल्या, मार्चमध्ये सगळं गवताळ कागदासारखं वाजू लागलं. आल्या-गेल्याला मी सबब सांगत असे: माळी सोडून गेला, मोटार बिघडली. आपण मुद्दाम केलंय असं म्हणायची लाज वाटत होती. मग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि पाचव्या दिवशी त्या मेलेल्या चटईतून पोपटी टोकं वर आली. हरळीच ती. वडिलांना जिने जन्मभर छळलं तिला मी अकरा वर्षं मरेल म्हणून घाबरून पाणी पाजत होते. तिला उन्हाळ्यात झोपायचं असतं. मी तिला झोपू देत नव्हते.

अर्धी जागा आता तिच्याकडेच आहे. उरलेल्या अर्ध्या जागेत बाडी केली. इथे प्रत्येक घराच्या मागे असते तशी, फक्त मी ती पुढे केली. राज्याने २०१९ मध्ये ‘नरवा, गरवा, घुरवा, बाड़ी’ अशी योजना काढली तेव्हा शहरातल्या लोकांनी त्या शब्दांची थट्टा केली होती. छत्तीसगडात छत्तीस भाज्या म्हणतात, त्यातल्या सात-आठ मला जमल्या. अमारी, म्हणजे आपली अंबाडी. चरोटा, म्हणजे टाकळा. तो तर लावावाही लागत नाही. चेच, पोई, लाल भाजी. कोपऱ्यात मुनगा, म्हणजे शेवगा. पावसात आणि हिवाळ्यात ही जागा भरलेली असते. एप्रिल-मेमध्ये मुनग्याखेरीज तिथे काही नसतं, नुसती माती, आणि सकाळी मी धुण्याच्या पाण्याचा सडा टाकते. दर्शनी भाग कुरूप दिसतो असं समितीचं म्हणणं आहे. दिसत असेल. मे महिना तसाच दिसतो.

नोटिशीला मी लेखी उत्तर दिलं, त्यात साडेपाचशे लिटरचा हिशेब मांडला. उत्तर आलं नाही, पाचशे रुपये दंडाची पावती आली. दंड मी भरलेला नाही. पुढच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा मी जाणार आहे आणि हेच सगळं हिंदीत बोलणार आहे, गंगरेलच्या गावांसकट.

मधल्या काळात गणपती येऊन गेले. चतुर्थीच्या सकाळी अध्यक्षांची सून फाटकाशी आली, हातात स्टीलचं ताट. त्यांच्याकडे लॉन मेक्सिकन आहे, ते गणपतीला चालत नाही, आणि बाजारातल्या दूर्वा कोमेजलेल्या निघाल्या. मी तिला म्हटलं, ‘ये, लागतील तेवढ्या घे.’ आम्ही दोघी ओल्या गवतात उकिडव्या बसून एकवीस जुड्या मोजल्या. औषध मारलंय का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं.

नोटीस अजून मागे घेतलेली नाही.